शामकलेच्या गिरक्या

शामकला पिकअपमध्ये चढण्याआधी मागच्या चाकाला टाच मारून बघते. डब्यात चार मिरच्या जास्त ठेवते, कारण टोळीतली एखादी तरी विसरलेली असते. फोन कानाला लावत नाही, तोंडासमोर धरून ओरडते. नवीन बाई भेटली की आधी तिच्या हाताकडे बघते, तोंडाकडे नंतर. चिखलात उतरताना जोडवी काढून पदराच्या गाठीत बांधते. हसताना आधी मान मागे जाते, मग आवाज येतो. चहात साखर कमी असली तर बोलत नाही. कप खाली ठेवते आणि त्याच्याकडे बघत बसते.

गेल्या वर्षीपासून यात दोन सवयींची भर पडली. कुठेही गेली की ती दाराजवळची जागा धरते. आणि बोलता बोलता उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवते. बांगडी सरकवतेय असं वाटावं इतक्या सहज. खरं तर ती नाडी बघत असते. हे फक्त तिच्या नवऱ्याला, बिसरामला ठाऊक होतं. बिसराम तसाही कमी बोलतो.

गोंदिया जिल्ह्यात सालेकशाच्या अलीकडे पिपरटोला आहे. तिथल्या रोवणीच्या टोळीची शामकला म्होरकी. टोळीत चौदा बाया. पावसाळ्यात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, हातभर झाले की या चौदाजणी पिकअपमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून गावोगाव जातात. चिखल केलेल्या बांधीत, भाताच्या खाचरात, वाकून, एकेक काडी रोवत, उलट्या पावली मागे सरकतात. पहिली पात शामकलेची. ती जशी सरकेल तशी टोळी सरकते. तिने वेग धरला की बाकीच्यांना शिव्या घालायलाही सवड मिळत नाही. बांधावर उभा असलेला शेतकरी काही सुचवायला लागला तर ती न वळता म्हणते, "तुमी सावलीत बसा जी. तुमच्यानं धान घाबरते."

एकदा रोवणी चालू असताना टोळीतल्या रुख्माच्या पायाशी साप निघाला. बाया किंचाळत धुऱ्यावर, बांधावर, गेल्या. शामकलेने काठीने उचलून तो पलीकडच्या बांधीत टाकला आणि पुन्हा वाकली. "चाला, पात अधुरी हाय." टोळीत ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाते. दरवर्षी साप थोडा लांब होतो.

अशी ही बाई. गेल्या श्रावणात रेल्वे फाटक बंद होतं म्हणून पिकअप थांबली. मालगाडी जात होती. डबे संपता संपेनात. मागे ट्रॅक्टर, पुढे दोन ट्रक, मध्ये चौदा बाया एकमेकींना चिकटून. ऊन पडलं होतं. शामकला मध्यभागी उभी होती. आणि काहीही कारण नसताना तिची छाती धडधडायला लागली.

आधी तिने दुर्लक्ष केलं. मग हातांना मुंग्या आल्या. घसा आवळला. समोरच्या बाईचा आवाज विहिरीतून यावा तसा यायला लागला. हवा आत जात होती, पण पुरत नव्हती. तिने रुख्माचा दंड धरला.

"रुख्मा, मी मरून राहिली."

रुख्मा आधी हसली. तिला गंमत वाटली. मग तिने शामकलेचं तोंड पाहिलं.

बायांनी तिला उतरवून पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. देवीदासने मागचा ट्रॅक्टर हटवायला लावून गाडी उलटी काढली आणि थेट दवाखान्यात नेली. पोचेपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढ्यात ती बरी झाली होती. कागदाची लांब पट्टी निघाली. हृदय चांगलं होतं. रक्तदाब चांगला होता. "गॅस असेल," कुणीतरी म्हणालं. तिला जरा लाजच वाटली. चौदाजणींचा दिवस बुडाला होता, आणि तोही गॅसपायी.

दुसऱ्यांदा ते आठवडी बाजारात झालं. तिसऱ्यांदा घरी, तांदूळ निवडताना. आता तर गर्दीही नव्हती. गोंदियाला जाऊन तिने पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या चांगल्या. चांगला रिपोर्ट आला की तिला जास्तच भीती वाटे. मशीनला सापडत नाही असा रोग आहे, असं तिने ठरवून टाकलं.

मग ती जपायला लागली. बाजार सोडला. लग्नं सोडली. पिकअप तर सोडलीच. "कंबर धरली," असं तिने टोळीला सांगितलं आणि उरलेला हंगाम रुख्माच्या हाती दिला. कंबरेला कुणी हसत नाही. भीतीला हसतात. सापवाल्या बाईच्या भीतीला तर जास्तच.

बिसराम राइस मिलमध्ये हमाली करतो. त्याने उन्हाळाभर वाट पाहिली. मग एका सकाळी धुतलेला सदरा घालून तो दारात उभा राहिला.

"चाल."

"कोठी?"

"गोंदियाले. मोठ्या दवाखान्यात. मनाचे डाक्टर बसतेत."

"मी मेंटल हाओ का?"

"मले का मालूम? म्हणून तं चाल."

डॉक्टरांनी जुने सगळे कागद पाहिले. थायरॉइडची एक तपासणी राहिली होती, ती केली. मग सांगितलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात. रोज एक गोळी दिली. "असर धीरे धीरे होगा. तीन-चार आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही." आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक अल्का मॅडमकडे पाठवलं.

अल्का मॅडम तिशीतल्या. टेबलावर फायलींचा ढीग, एक घड्याळ आणि थंड पेयाच्या नळ्यांचं पाकीट. शामकला दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

"तुम्ही रोवणीला जाता ना? बांधीत साप दिसला की काय होतं?"

"मले काई नाई होत."

"बाकीच्या बायांना?"

"छाती धडधडते. पाय आधीच पळतेत, अक्कल मांगून येते."

"बस, तेच. शरीर पळायची तयारी करतं. छाती जोरात चालते, श्वास वाढतो, हातापायांना मुंग्या येतात. तुमचं शरीर तीच तयारी करतं. फक्त साप नसतो."

शामकलेने विचार केला. "मंग पळते कायले?"

"कधी थकवा, कधी गर्मी, कधी मनातली काळजी. कधी कारण सापडतच नाही. पण एकदा झालं की आपण धडधडीलाच घाबरायला लागतो. छाती जरा हलली की म्हणतो, आला. घाबरलो की ती जास्त धडधडते. मग जास्त घाबरतो."

"आणि मंग मरतो."

"किती वेळा झालं तुम्हाला?"

"नऊ."

"किती वेळा मेल्या?"

शामकलेची मान मागे गेली. मग आवाज आला. बाहेर बसलेला बिसराम दचकून उठला. हे हसणं त्याने आठ-नऊ महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मग अल्का मॅडमनी तिला उभं केलं आणि जागच्या जागी गोल फिरायला सांगितलं. तीस सेकंद. शामकलेला वाटलं, बाईच बिघडली आहे. पण ती फिरली. थांबली तेव्हा खोली फिरत होती, छाती उसळत होती, हातात मुंग्या होत्या. सगळं तेच. फाटकावरचं. तिने टेबल घट्ट धरलं आणि दाराकडे पाहिलं.

"पळू नका. शंभरात किती भीती?"

"नव्वद."

मॅडम घड्याळाकडे बघत बसल्या.

"आता?"

"साठ."

आणखी एक मिनिट गेलं.

"आता?"

"आता चहा पायजे."

म्हणजे उपचार असा होता. धडधड आली की पळायचं नाही. उलट ती आपणच बोलवायची, मुद्दाम. बोलवायची आणि तिला जाऊ द्यायचं. रोज सकाळी गिरक्या, जागच्या जागी धावणं, आणि एका बारीक नळीतून मिनिटभर श्वास. हे जमलं की पुढे बाजार, मग गाडी, मग फाटक. बिसरामने फोनवर वेळ लावायची.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला.

त्याचं मूळ केसांत होतं. मंगळवार होता. शामकला डोक्यावरून न्हाली होती आणि केस मोकळे सोडून अंगणात गिरक्या घ्यायला लागली. बिसराम हातात फोन धरून, मान खाली घालून समोर उभा. शेजारच्या अनुसयाबाई कुंपणाशी भाजी तोडत होत्या. त्यांनी पाहिलं. मोकळे केस, गरगर फिरणारी बाई, मोठमोठे श्वास, आणि हात जोडल्यासारखा उभा नवरा. पिपरटोल्यात याचा एकच अर्थ होतो. शामकलेच्या अंगात आलं.

म्हाताऱ्या अनुसयाबाई हळदकुंकू घेऊन आल्या तेव्हा शामकला खाली बसून धापा टाकत होती. हात थरथरत होते.

"माय, कोणती माय होस वं तू?"

"मी शामकला होओ, अनुसयामाय. का पायजे?"

"नाव लपवून राहिली," अनुसयाबाई मागे वळून म्हणाल्या. मागे आता आणखी दोघी उभ्या होत्या.

"तीस सेकंद झाले," बिसराम म्हणाला.

"पाय, मोजून येते. मोठी माय दिसते."

दुसऱ्या दिवशी पाच नारळ आले. तिसऱ्या दिवशी सात. एकीची बकरी हरवली होती. एकीच्या पोराचं लग्न जुळत नव्हतं. शामकला काही बोलायची नाही. ती नुसती धापा टाकत असायची, आणि बाया त्या धापांतून आपापलं उत्तर काढून घ्यायच्या. बकरी तर सापडलीसुद्धा. ती दुसऱ्याच्या गोठ्यात होती.

"सांगून टाक," बिसराम रात्री जेवताना म्हणाला.

"का सांगू? भीती वाटते म्हणून फिरतो म्हणून?"

"खरं तं तेच हाय."

शामकलेने त्याला आणखी भात वाढला. तिला ते सोपं वाटायला लागलं होतं. देवी असली की घरातून बाहेर पडावं लागत नाही. लोकच येतात. थरथरलं तर पाया पडतात. भीतीला इतकी चांगली जागा तिला आजवर सापडली नव्हती. मनगटावरची बोटं मात्र रोज जास्त वेळ राहायला लागली होती.

त्याच आठवड्यात रुख्मा आली. अंगणात अनुसयाबाई आणि आणखी चार-पाच बाया होत्याच.

तिने नारळ ठेवला. डोक्यावर पदर घेतला. शामकला नुकती गिरक्या संपवून पायरीवर बसली होती, डोळे मिटून. मनात आकडा मोजत होती. सत्तर. पासष्ट.

"माय," रुख्मा म्हणाली, "आमची टोळी मोडून राहिली. मले पात धरता नाई येत. बाया माह्यं ऐकत नाईत. तिघी दुसऱ्या टोळीत चालल्या. शामकलाले बरं कर माय. ते कंबर म्हणते, पर कंबर नाई ते. मी पायलो तिचं तोंड फाटकावर. मी हासलो होतो माय तिले. तवापासून मले झोप नाई लागत."

देवीला म्हणून रुख्मा हे सगळं शामकलेलाच सांगत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. शामकलेला कधी सांगितलंही नसतं.

शामकलेने डोळे उघडले.

"रुख्मा, उठ. पदर काढ डोक्यावरचा. मीच होओ."

"माय..."

"माय नाई वं. शामकला. मले भीतीचा रोग हाय. छाती धडधडते आणि वाटते का मेली. गोंदियाच्या मॅडमनं फिरासाठी सांगितलं, म्हणून फिरून राहिली. देवीगिवी काई नाई."

तुळशीजवळ बसलेली एक बाई हळूच आपली अगरबत्ती विझवायला लागली.

"भीती?" रुख्मा म्हणाली. "तुले? सापाले उचलून फेकलीस!"

"साप दिसत होता ना. हे दिसत नाई."

मग अनुसयाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मले बी होते तसं. बुढा मेला तवापासून. मी म्हणलो का तो बलावते मले."

"कधी होते?"

"भांडे घासताना."

"मंग तो भांड्यासाठी बलावत असन," रुख्मा म्हणाली. पहिली हसली ती अनुसयाबाईच.

त्यानंतर रुख्माला गिरक्या घेऊन बघायच्याच होत्या. ती फिरली आणि धप्पकन बसली. मग दुसरी फिरली. तिसरी तुळशीवर जाऊन आदळली. बिसराम फोन धरून प्रत्येकीची वेळ सांगत होता. अनुसयाबाई निघताना दारातून परत आल्या.

"माहा नारळ वापस दे मंग."

"तीन दिवस झाले, अनुसयामाय. खाल्ला."

"देवी नोहोस तं खाल्लीस कायले?"

पुढच्या खेपेला अनुसयाबाईही शामकलेसोबत गोंदियाला गेल्या. वाटभर त्या सांगत होत्या, आपण नुसतं सोबतीला चाललोय. अल्का मॅडमसमोर मात्र त्या अर्धा तास बसल्या.

आता टोळीला ठाऊक होतं, म्हणून पुढचं सगळ्यांनी मिळून केलं. आधी देवीदासची पिकअप नुसती उभी. शामकला आत, मध्यभागी, आणि भोवती टोळी दाटून. इंजिन बंद. देवीदास स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला. दुसऱ्या दिवशी गाडी गावाच्या टोकापर्यंत. मग बाजारापर्यंत. दर वेळी रुख्मा विचारायची, "किती?" आणि शामकला आकडा सांगायची. ऐंशी. सत्तर. एकदा पुन्हा पंचाण्णव. त्या दिवशी ती उतरून रडली. म्हणाली, सगळं वाया गेलं. मॅडमना फोन लावला, नेहमीसारखा तोंडासमोर धरून.

"अटॅक येणारच," मॅडम म्हणाल्या. "एखाद्या वेळी जोरात येईल. आला म्हणजे तुम्ही मागे गेलात असं नाही. तेव्हा उतरून गेलात का?"

"नाई. तो गेल्यावर उतरली."

"मग?"

शामकलेने डोळे पुसले. "मंग जमलं म्हणा."

पऱ्हे तयार झाले. गावोगावच्या बांध्यांत चिखल झाला. टोळीला पहिलं मोठं काम मिळालं ते फाटकापलीकडचं. आठ दिवसांचं. तिघी दुसऱ्या टोळीत गेल्या त्या गेल्याच, उरल्या अकरा. शेतकऱ्याने रुख्माला स्पष्ट सांगितलं होतं, शामकला असेल तर या, नाहीतर आमगावची टोळी बोलावतो.

शामकला म्हणाली, "आधी माही बांधी होऊ दे."

घरामागे तिची स्वतःची एक बांधी आहे. लहानशी. ती आणि बिसराम मिळून दोन दिवसांत उरकतात. तो पऱ्हे उपटून पेंढ्या बांधतो, ती रोवते. या वेळी दुसऱ्या दिवशी अर्धीही झाली नाही. तिसऱ्या दिवशी तिला आधीची ओळ वाकडी वाटली. तिने ती उपटून पुन्हा रोवली. चौथ्या दिवशी काड्या दाट झाल्या म्हणून विरळ केल्या. सबंध तालुक्यात हात चालवणारी ही बाई स्वतःच्या बांधीत गोगलगाईसारखी सरकत होती. बिसराम पाचव्या दिवशी धुऱ्यावर बसून बघत होता.

"दोन दिवसाचं काम ना वं हे?"

"चांगलं नको का व्हायले?"

त्याने पुढची पेंढी तिच्याकडे टाकली. थोड्या वेळाने इतकंच म्हणाला, "बांधी चांगली हाय. दारापासून जवळ हाय."

तिने वर पाहिलं नाही. पण हातातली काडी हातातच राहिली.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. देवीदास. गाडीत दहाजणी उभ्या होत्या. शेतकऱ्याने दिलेल्या मुदतीचा आज शेवटचा दिवस होता. आज टोळी गेली नाही तर काम आमगावला जाणार होतं.

रुख्मा कठड्यावरून वाकली. "आमी जाऊन राहिलो बाई," ती म्हणाली. चल म्हणाली नाही. आग्रह करायचा नाही, असं मॅडमनी तिला फोनवर सांगितलं होतं. रुख्माने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं होतं.

गाडी सुरूच होती. शामकलेची छाती उसळायला लागली. तिला फाटक दिसलं, मालगाडी दिसली, डबे दिसले. पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले. ती तशीच उभी राहिली. पळायला इथे कुठे जागाच नव्हती. आणि घराकडे वळणं म्हणजेही पळणंच होतं, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"देवीदास! थांब रे!"

ती पऱ्ह्याची पेंढी धुऱ्यावर टाकून वर चढली. पाय धुतले नाहीत. डबा घेतला नाही. बाया सरकल्या आणि कडेची जागा रिकामी केली. ती कडेला थांबली नाही, दोघींना कोपराने बाजूला करून मध्ये गेली.

फाटक बंदच होतं. मालगाडी येत होती.

"किती?" रुख्माने विचारलं.

"ऐंशी. नको बोलू."

डबे मोठ्याने जात राहिले. शामकलेने डोळे उघडे ठेवले. घाम फुटला, बोटं बधिर झाली, जीभ कोरडी पडली. कुणी वारा घातला नाही, कुणी पाणी पुढे केलं नाही. इंजिन बंद करून देवीदासने आरशातून मागे पाहिलं.

"पंच्याऐंशी," शामकला म्हणाली.

आणखी डबे गेले.

"साठ."

मालगाडी संपली. फाटक वर गेलं. मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला.

"चाल रे देवीदास," शामकला म्हणाली. "मेली नाई मी. झोपला का?"

त्या दिवशी फाटकापलीकडच्या बांधीत पहिली पात तिने धरली. दुपारपर्यंत बाया तिला शिव्या द्यायला लागल्या. इतका वेग कशाला, म्हणे.

आठ दिवस टोळी रोज पहाटे जाते आणि अंधार पडताना येते. पुढचं कामही ठरलं आहे. घरामागच्या बांधीत एक कोपरा तसाच आहे, चार पाती होतील एवढा. धुऱ्यावर ती पेंढी पिवळी पडून राहिली आहे. रोवणं बिसरामला जमत नाही. त्याने एकदा चार काड्या लावून पाहिल्या, त्या आडव्या झाल्या. तो रोज संध्याकाळी तिला आठवण करून देतो. शामकला चिखलाचे पाय घेऊन पायरीवर बसते आणि म्हणते, "उद्या करतो जी."